आठ मीटर उंचीवर

आपलं अक्षर काचेमागे बघायला मिळणं हा मोठा मान असतो म्हणे. मला तो गेल्या सप्टेंबरात मिळाला, नको असताना. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये आता संग्रहालय केलंय. तिथं आमरींचं, म्हणजे ऑर्किडांचं, प्रदर्शन भरलं होतं आणि मी त्याची प्रमुख पाहुणी होते. कार्यक्रम चारला. मी तीनलाच पोचलेले, कारण डोंबिवलीहून निघणाऱ्या माणसानं एक तास हातात ठेवायचा असतो, हे चाळीस वर्षांत अंगात मुरलंय. आत शिरले, चष्मा पुसला, आणि डाव्या हाताच्या तिसऱ्या पेटीपाशी पाय थांबले. आत पिवळा पडलेला जाड कागद. त्यावर दाबून सुकवलेली डहाळी, फुलं पार चहाच्या रंगाची झालेली. खाली उजव्या कोपऱ्यात लेबल. निळी शाई, उजवीकडे कललेलं इंग्रजी अक्षर. गाव: खडवली, भातसा नदीचा काठ. आंब्यावर, आठ मीटर उंचीवर. १८ ऑगस्ट १९८५. गोळा करणार: सुहासिनी लेले. लेले हे माझं माहेरचं आडनाव. माझीच शीट! मला वाटलं होतं एम.एस्सी.च्या आमच्या सरांबरोबर तीही गेली. सर जाऊन बारा वर्षं झाली, त्यांची कपाटं कुणी कुठं हलवली कोण जाणे, आणि ही इथं दिव्याखाली निवांत पडलेली. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'ठाणे जिल्ह्यातली या आमरीची एकमेव नोंद.' मी इकडेतिकडे बघितलं. कुणी नव्हतं. एक बाई फरशी पुसत होती, ती म्हणाली, "मावशी, ओलं हाय, जपून." मी जपून उभी राहिले.

या आमरीचं लॅटिन नाव मी इथं देणार नाही. दिलं तर कुणीतरी उठेल आणि खडवलीला शोधायला जाईल. एक मुलगी सहा पावसाळे गेली तेवढं पुरे झालं.

सरळ सांगते. त्या रविवारी मी खडवलीला गेलेच नव्हते. एम.एस्सी.ला आम्हांला पन्नास झाडं गोळा करून, दाबून, सुकवून, लेबल लावून द्यायची असत. प्रत्येक झाड स्वतः जंगलातून आणलेलं हवं. विकत घेतलेलं झाड सापडलं की सर आख्खी फाइल परत करत. फिरायला कुठं जाणार ते आधी वहीत लिहायचं, त्यावर सर आधीच सही देत, आणि माझ्या वहीत सही होती: रविवार, अठरा ऑगस्ट, खडवली. शनिवारी संध्याकाळी आई म्हणाली, उद्या कुठं जायचं नाही, ठाण्याहून मंडळी बघायला येतायत. मी म्हटलं, अगं पण माझी वही! आई म्हणाली, वहीशी लग्न करणारेस का? झालं. रविवारी मी गुलबक्षी साडी नेसून, दाबाच्या फळ्या पलंगाखाली ढकलून, पोह्यांची डिश घेऊन चार माणसांसमोर उभी. त्यातला एक सुधीर. पुढं पस्तीस वर्षं तो सगळ्यांना सांगायचा, हिची नखं मातीनं काळी होती, मी म्हटलं मुलगी कामाची दिसते. तो हसायचा, मीही हसायचे. चार वर्षांपूर्वी तो गेला. परवापर्यंत मला ती गोष्ट गोडच वाटत होती.

बुधवारी कल्याणला भाजीबाजाराबाहेर एक बाई रानभाज्या घेऊन बसली होती. शेवळं संपलेली, टोपलीत करटुली, आणि बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली ही आमरी, फुलांसकट. मी खालीच बसले. विचारलं, कुठून आणलीस? म्हणाली, "वरनं. डोंगरातनं." कुठल्या डोंगरातून? "डोंगर काय एक हाय का बाय?" नाव विचारलं तर हौसाबाई म्हणाली. तेवढंच खरं मला ठाऊक आहे त्या झाडाबद्दल, आणि तेवढंच मी लेबलवर लिहिलं नाही. वहीत सही होती खडवलीची, तारीख होती रविवारची, पन्नासावी जागा रिकामी होती. लिहायला बसले तेव्हा भीती वाटली का? नाही हो. मजा वाटली. आंब्यावर, लिहिलं. मग वाटलं, आंबा नुसताच कसा, उंची पाहिजे. पाच मीटर म्हणजे फारच हाताशी, दहा म्हणजे कुणी विचारेल वर चढलीस कशी. आठ. आठ लिहिल्यावर मला ते झाड दिसायलाच लागलं. सरांनी शीट उजेडात धरली, म्हणाले, लेले, निरीक्षण याला म्हणतात. पहिला वर्ग मिळाला. पुढं सरांनी त्यावर दोन पानांचा लेख लिहिला आणि माझं नाव तळटीपेत घातलं. सुधीरला मी लग्नानंतर सांगितलं. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. त्याच्या हसण्यात माझी गोष्ट विरून गेली, आणि मी तिला विरू दिलं.

"मॅडम! आलात पण?" माया मागून आली. माया माझी विद्यार्थिनी, बी.एस्सी.ची तीन वर्षं माझ्यासमोर पहिल्या बाकावर बसलेली, कल्याणची. आता पीएच.डी. करते आणि हे सगळं प्रदर्शन तिनंच मांडलंय. हातमागाची साडी नेसली होती, गळ्यात ओळखपत्र, उजव्या मनगटावर तो लांब व्रण. तो व्रण खडवलीचा. तीन वर्षांपूर्वी नदीकाठी शेवाळावरून घसरली, हाडाला धातूची पट्टी घालावी लागली. मला फोनवर म्हणाली होती, मॅडम काळजी करू नका, डाव्या हातानंपण लिहिता येतं. "बघितलीत का तुमची शीट? कसली फ्रेश ठेवलीय ना आपण? चला, मी फिरवते तुम्हांला, चार वाजेपर्यंत आरामात होईल." आणि माझा दंड धरून ती मला पहिल्या पाटीपासून फिरवायला लागली. मी म्हटलं, चल. दुसरं काय म्हणणार होते?

प्रदर्शन सुरेख होतं. सुरेख होतं हे सांगायला पाहिजे, कारण त्यात मायाची सहा वर्षं होती. पहिल्याच पाटीवर राळेत अडकलेली मधमाशी, अर्थात नक्कल, आणि तिच्या पाठीवर आमरीचे परागाचे दोन गोळे. कोट्यवधी वर्षांपूर्वी ती एका फुलावर गेली, पाठीवर ओझं घेऊन निघाली, आणि वाटेत राळ. माया म्हणाली, "बिचारी पोचलीच नाही मॅडम. पण पुरावा राहिला." पुढं कळीचं मॉडेल, बटण दाबलं की उमलताना देठ अर्धा गर्रकन फिरतो, म्हणजे वरची पाकळी खाली येते आणि कीटकाला उतरायला ओटा मिळतो. मी हे तीस वर्षं फळ्यावर काढलंय, पण असं फिरताना बघून माझीच मान कुणी पिरगळल्यासारखं वाटलं. पुढं धुळीएवढ्या बिया, एका शेंगेत लाखो; एकीतही अन्न नाही, बुरशी भेटली तर जगतील. आणि मग लांबलचक भिंत, वर शीर्षक: 'फसवणुकीची उत्क्रांती'. तीनातली जवळपास एक आमरी कीटकाला काही देत नाही. मध नाही, काही नाही. नुसता वास, नुसता रंग, कुठं तर मधमाशीच्या मादीचं सोंग. नर येतो, झोंबतो, फसतो, पाठीवर गोळे घेऊन जातो आणि पुढच्या फुलावर पुन्हा फसतो. "आणि मॅडम, भारी काय माहितेय? फूल मुद्दाम नाही करत. एकदा चुकून जमलं, टिकलं, मग पिढ्यान्‌पिढ्या तेच पक्कं होत गेलं." ती हे सगळ्यांना सांगत असणार. माझ्याकडे बघूनही ती नेहमीसारखीच हसत होती. माझ्या काखेत मात्र घाम आला होता आणि मी पदर खांद्यावर ओढून घेतला.

आता एका नकाशाचं सांगते. पंच्याऐंशी सालचं मी पोरवयात केलं म्हणून सोडून देता येईल, मी दिलंही होतं. पण सहा वर्षांपूर्वीचं कसं सोडायचं? माया घरी आली, सरांचा लेख हातात, डोळे हे एवढे मोठे. मॅडम, तळटीपेतल्या लेले म्हणजे तुम्ही? मॅडम, ते झाड कुठलं? मी तिच्यापुढं चिवडा ठेवला. सुधीर आतल्या खोलीत पेपर वाचत होता, तो खोकला. मला तेव्हा म्हणता आलं असतं, अगं, ती एक गंमत आहे, ऐक. तोंड उघडलंही होतं. पण ती मुलगी माझ्याकडे अशी बघत होती, की माझ्याकडे त्याआधी आणि त्यानंतर कुणी तसं बघितलं नाही, माझ्या स्वतःच्या मुलानंसुद्धा नाही. मी पॅडचा कागद ओढला आणि नकाशा काढून दिला. स्टेशन, रस्ता, नदीचं वळण, घाट, घाटाच्या वरच्या अंगाला तीन आंबे, मधल्यावर फुली. मधल्यावर! ती गेल्यावर सुधीर बाहेर येऊन म्हणाला, "सुहास, हे बरं नाही केलंस." त्या दिवशी तो हसला नाही. मग दर ऑगस्टमध्ये मायाचा फोन. मॅडम, नाही मिळाली. मॅडम, मधला आंबा पडला असेल का? मॅडम, आता दोन्ही काठ बघितले. आणि मी? मी म्हणायचे, पुढच्या वर्षी बघ. जेवता जेवता म्हणायचे, टीव्हीचा आवाज कमी करून म्हणायचे. माझी मला शिसारी येते.

खुर्च्या मांडायला सुरुवात झाली होती. खोपटच्या एस.टी. डेपोत मेकॅनिक असलेले मायाचे वडील, देवरामभाऊ, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून अर्धी रजा टाकून आले होते. दोन्ही हात जोडून म्हणाले, "मॅडम, तुमच्यामुळं पोरगी इथवर आली. मला काय कळत नाय यातलं. मी आपलं याला बांडगूळच म्हणतो." मी सवयीनं म्हटलं, "बांडगूळ नव्हे, भाऊ. बांडगूळ झाडाचं खातं. ही नुसती फांदीवर बसते." ते म्हणाले, "मग ठीकाय. नुसती बसणारी आमच्या डेपोतपण लय आहेत." माया "पप्पा!" म्हणून ओरडली आणि आम्ही तिघंही हसलो.  ते सांगत होते, आज वनखात्याचे साहेब येतायत, बेंगळुरूहून यातल्याच एक मोठ्या बाई येतायत, आज जाहीर झालं की माया इथं कायम. मी विचारलं, काय जाहीर झालं की? देवरामभाऊंनी जीभ चावली. "आयला, सांगितलं नाय का तुम्हांला? सरप्राइज होतं वाटतं."

माया मला शेडच्या पार टोकाला घेऊन गेली. तिथं एक पेटी पांढऱ्या कापडानं झाकलेली. चार वाजायला वीस मिनिटं होती. "सगळ्यांच्या आधी तुम्ही," ती म्हणाली आणि कापड बाजूला केलं. आत जिवंत झाड. तीच. पांढरी फुलं, ओठावर जांभळ्या रेघा, एकोणचाळीस वर्षांनी मी ती पुन्हा बघत होते आणि क्षणभर, खोटं कशाला बोलू, मला नुसता आनंद झाला. वाटलं, आहे! खडवलीला आहे! माझं खोटं खरं निघालं, देव आहे, सुटले बाई! मी काचेला नाक लावलं. मग लेबल वाचलं. खडवली, भातसा नदीचा काठ. आंब्यावर. आठ मीटर उंचीवर.

आठ.

पलंगावर मांडी घालून, पेन चावत, पाच नको, दहा नको म्हणून मी काढलेला आकडा. तो निसर्गात कुठं भेटणार होता? मी पुन्हा झाडाकडे बघितलं, या वेळी मास्तरणीच्या डोळ्यांनी. मुळांना सालीचा तुकडा चिकटलेला होता, करडा, खोल भेगांचा, चौकटी चौकटी पडलेला. मगरीच्या पाठीसारखी साल, दुसऱ्या वर्षाच्या मुलांना मी हेच सांगायचे, डोळे मिटून हात फिरवला तरी ओळखाल, हा ऐन. आंबा नव्हे. मायालाही मीच शिकवलं होतं. पेपरात तिला त्यात पैकीच्या पैकी होते. मग साल पुसली का नाही तिनं? मुळं धुवायला किती वेळ लागतो? माझ्यापुढं कापड तिनंच बाजूला केलं होतं, सगळ्यांच्या आधी. मी तिच्याकडे बघितलं. ती झाडाकडे बघत होती आणि अंगठ्यानं मनगटावरचा व्रण घासत होती.

"कधी मिळाली?"

"दोन आठवडे झाले, मॅडम."

"मधल्या आंब्यावर?"

"हो."

मला भयंकर भीती वाटली. स्वतःची नव्हे, माझं काय व्हायचं होतं? पेन्शन चालू आहे, सत्कार झालेत, फार तर चार जण नाक मुरडतील. माझ्या खोट्याला पहिला वर्ग मिळाला होता. तिच्या खोट्याला कोण काय देणार हे मला पक्कं माहीत होतं. आज नाही तर पुढच्या पावसाळ्यात बेंगळुरूची ती बाई नदीकाठी उभी राहील, ऐन कुठला आणि आंबा कुठला विचारील, आणि मग लोक कसं बोलतील, कुणाकुणाबद्दल बोलतील, तेही मला माहीत होतं. लेल्यांच्या मुलीनं केली ती गंमत. मायानं केली की लबाडी होणार होती, आणि देवरामभाऊंच्या पांढऱ्या शर्टापर्यंत तिचा डाग जाणार होता. तिकडं कुणीतरी माइक टकटक करत होतं. मी गप्प राहिले असते तर चार वाजता सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या. आमचं दोघींचं खोटं एकमेकांना धरून छान उभं राहिलं असतं, माझ्या शीटनं तिचं झाड खरं आणि तिच्या झाडानं माझी शीट.

"माया, नकाशात आहे तसा आंबा तिथं नाहीये."  "मी खडवलीला गेलेच नव्हते. त्या रविवारी मला बघायला आले होते. कल्याणच्या बाजारात विकत घेतली मी ही, हौसाबाई नावाच्या बाईकडून. नदी नाही, आंबा नाही. आठ मीटर मी मोजलेच नाहीत."

ती हलली नाही. मला वाटलं, ओरडेल. ओरडावं असं वाटत होतं.

"मीपण नाही मोजले, मॅडम," ती म्हणाली.

मग ती हळू आवाजात बोलायला लागली. शहापूरच्या पुढं रस्त्याला एक बाई विकायला बसलेली. गाइड म्हणाले होते, या वर्षी मिळाली नाही तर विषय बदल, इथल्या नोकरीच्या जागेचंही मग बघू. रात्री घरी फुलं उमलली. पप्पांनी बघितलं, म्हणाले, हेच का ते? आणि ती हो म्हणाली. "एवढंच झालं. नुसतं हो म्हटलं." तिचं नाक लाल झालं होतं. "साल मी पुसणार होते. हात लावला आणि नाही पुसवली. म्हटलं, मॅडम बघतील. मॅडम बोलतील काहीतरी." मग एकदम माझ्याकडे वळली आणि तिचा चेहराच बदलला. "सहा पावसाळे, मॅडम. तुम्ही नकाशा काढून दिला होतात."

"हो."

"मी तो लॅमिनेट करून घेतलाय."

 माफ कर म्हटलं, ते माझं मलाच ऐकू आलं नाही. ती म्हणाली, "आता काय करायचं?" अगदी पहिल्या बाकावरून विचारायची तशीच. आणि मला, बासष्ट वर्षांच्या बाईला, एकच गोष्ट सुचली. मी म्हटलं, "आधी मी बोलते. माझं झाल्यावर तुला जे करायचं ते कर. शहापूरच्या त्या बाईचं नाव विचारलं होतंस का?" ती म्हणाली, "सरोज." मी म्हटलं, "मग तुझ्याकडे एक खरी नोंद आहे. ऐनाची साल, शहापूरचा रस्ता आणि नाव. माझ्याकडे नुसतं नाव."

माइकवरून माझं नाव पुकारलं. आमच्या भागातल्या आमरीचा एकमेव पुरावा ज्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितला, त्या सुहासिनी मॅडम. टाळ्या. पहिल्या रांगेत वनखात्याचे साहेब, शेजारी बेंगळुरूच्या बाई, वही उघडून. दुसऱ्या रांगेत देवरामभाऊ, मोबाइल उंच धरून, शूटिंग करत. स्टेजच्या तीन पायऱ्या चढले, गुच्छ कुणी हातात दिला तो टेबलावर ठेवला. माइक माझ्यापेक्षा उंच होता, तो कुणीतरी खाली केला. शेडच्या टोकाला माया उभी होती, पांढरं कापड हातात, आणि पेटीची किल्ली.

"अठरा ऑगस्ट एकोणीसशे पंच्याऐंशी," मी म्हटलं. "त्या रविवारी मी खडवलीला नव्हते. मी डोंबिवलीला आमच्या घरी, चार माणसांसमोर पोह्यांची डिश घेऊन उभी होते."

लोक हसले. त्यांना वाटलं, मॅडम किस्सा सांगतायत. देवरामभाऊही हसले आणि मोबाइल जरा अजून वर धरला. बेंगळुरूच्या बाई तेवढ्या हसल्या नाहीत, त्यांनी पेनचं टोपण काढलं. मी टेबलाची कड घट्ट धरली आणि पुढं बोलायला लागले. मागे माया पेटीचं कुलूप उघडत होती.